स्त्रियांचे उद्योग आणि त्यांचें भांडवल

स्त्रीनें एखादें कसब शिकावें आणि प्रसंग पडल्यास चार पैसे मिळवावे, ही गोष्ट आमच्या सुशिक्षित घरांतून आतां कोणी नाकारीत नाहीं. ती मान्य होण्यासाठीं मात्र मोठमोठ्या माणसांस आपलीं आयुष्यें वेंचावीं लागलीं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं शारदासदन काढलें. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास सेवासदन उभें राहिलें. शिक्षिकेचें काम, शुश्रूषा, शिवणटिपण असें कांहींना कांहीं शिकून कितीएक स्त्रिया या संस्थांतून बाहेर पडल्या व स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

तरीही एक प्रश्न शिल्लकच राहिला. शिवण शिकलेली बाई घरीं परतल्यावर यंत्र कोठून आणणार? उत्तम मसाला करणाऱ्या बाईस हंगामांत स्वस्त मिरची घेऊन ठेवावयाची असेल, तर तिनें पैसा कोणापाशीं मागावा? पेढीवर जावें तर पेढी तारण मागते. घर सासऱ्यांच्या नांवावर, जमीन नवऱ्याच्या व दिरांच्या नांवावर. आणि अंगावरचे दागिने मोडावयाचे म्हटलें तर घरांत चार दिवस अबोला! तारण नाहीं म्हणून पत नाहीं, आणि पत नाहीं म्हणून शेवटीं सावकाराचें दार, असा हा फेरा आहे.

या दाराचा खर्च किती, याचा हिशेब एकदां मांडून पाहण्यासारखा आहे. शहरांतील भाजीबाजारांत पुष्कळ ठिकाणीं अशी चाल असते कीं, पहांटे ९०० रुपये घ्यावे आणि सायंकाळीं १,००० परत करावे. दिवसाचे शंभर रुपये विक्रेतीस फारसे जाचक वाटत नाहींत. कारण त्या वेळीं माल विकून हातीं रोकड आलेली असते. परंतु महिन्यांत २५ दिवस बाजार धरला, तर ९०० रुपयांच्या वापराबद्दल तिनें २,५०० रुपये भरले! तेंच भांडवल तिला सालीना शेंकडा २४ अशा चढ्या दरानें जरी मिळालें असतें, तरी महिन्याचें व्याज अवघें १८ रुपये झालें असतें. या दोन आंकड्यांमधील अंतरांत तिच्या मुलांचें दूध, शाळेचीं पुस्तकें आणि उद्यांच्या मालाचें भांडवल, हीं सारीं बुडून जातात. ती आळशी नसते, अडाणीहि नसते. तिला वेळेवर उसने देणारा भला माणूस भेटलेला नसतो, एवढेंच.

असा माणूस भेटला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण मुंबईचें आहे. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भारत सेवक समाजाचे छगनलाल करमसी पारेख यांजकडून त्यांनीं ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशीं चार पुडे तयार झाले. हाच उद्योग पुढें 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या नांवानें घरोघरीं पोहोंचला, आणि त्या सात जणींपैकीं जसवंतीबेन पोपट यांस २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली.

या हकीकतींत दोन गोष्टी आम्हांस विशेष महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, ते ८० रुपये दान नव्हते, तें कर्ज होतें. फेडावयाचें आहे या जाणिवेनेंच तें वापरलें गेलें. दुसरी गोष्ट अशी कीं, कामाची सारी आंखणी गृहिणीच्या दिवसास धरून केलेली आहे. सकाळीं केंद्रावरून मळलेलें पीठ न्यावें, घरचें आटोपून पापड लाटावे, वाळलेले पापड दुसऱ्या दिवशीं तोलून द्यावे आणि लाटण्याची मजुरी पदरांत घ्यावी. बाईनें उद्योगासाठीं घर मोडावें, अशी येथें अट नाहीं. उद्योगानेंच घराच्या वेळापत्रकाशीं जमवून घेतलें आहे.

त्याच मुंबईंत, गिरगांवापासून फार दूर नाहीं अशा गिरणगांवांत, दुसऱ्या प्रकारच्या अन्नपूर्णा राबत होत्या. कोंकणांतून व घाटावरून आलेला गिरणीकामगार बहुधा एकटा राही आणि खाणावळींत जेवी. खाणावळवाली बाई आपल्या लहानशा खोलींत चूल मांडून दहा-वीस माणसांस दोन्ही वेळां महिनाभर जेवूं घाली. पैसे मात्र पगार झाल्यावर मिळत. तोंपर्यंत वाण्याची उधारी, आणि वाणी थांबेना झाला कीं सावकार. संप झाला तर कामगाराची मिळकत थांबे, पण त्याची भूक थांबत नसे. बाईनें त्याचें ताट कधीं बंद केलें नाहीं. संपाचा इतिहास लिहिणारांनीं पुढाऱ्यांचीं नांवें नोंदविलीं. ज्यांच्या उधारीवर तो संप तगला, त्या बायकांचें कर्ज कोणी नोंदविलें नाहीं.

तें लक्षांत आलें प्रेमाताई पुरव यांच्या. त्या मूळच्या गोमंतकाच्या. गोवा मुक्तीच्या लढ्यांत भाग घेऊन त्या मुंबईच्या कामगार चळवळींत आल्या होत्या. १९६९ सालीं १४ मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें होतें व गरिबांस कर्ज देणें हें बँकांचें कर्तव्य ठरलें होतें. मग खाणावळवालीस तें कां मिळूं नये, असा सरळ प्रश्न त्यांनीं केला. १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झालें. बँकेस देण्यासारखें तारण या बायकांपाशीं नव्हतें. म्हणून त्यांनीं एकमेकींची हमी घेतली. एकीनें हप्ता चुकविला तर बाकीच्यांनीं तिच्या दारीं जावयाचें, आजारपण असेल तर संभाळून घ्यावयाचें, आणि लबाडी असेल तर खडसवावयाचें. शेजारणीची खरी परिस्थिति शेजारणीइतकी कोणत्या बँकेच्या अधिकाऱ्यास कळणार आहे? पुढें १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या व खाणावळीचें गिऱ्हाईक ओसरलें, तेव्हां मंडळानें कचेऱ्यांस व समारंभांस जेवण पुरविण्याचें काम हातीं घेतलें. हातचें कसब तेंच राहिलें. गिऱ्हाईक मात्र नवें शोधावें लागलें. प्रेमाताईंस २००२ सालीं पद्मश्री मिळाली.

सुमारें याच काळांत अहमदाबादेस इला भट्ट यांनीं एक पाऊल पुढें टाकलें. दुसऱ्याच्या बँकेंत जाऊन उभें राहण्यापेक्षां स्वतःचीच बँक कां काढूं नये, असा विचार करून 'सेवा' या संस्थेच्या चार हजार बायकांनीं प्रत्येकीं १० रुपयांचा भाग घेतला आणि १९७४ सालीं सेवा बँक उभी केली. त्यांत भाजीवाल्या होत्या, विड्या वळणाऱ्या होत्या, हातगाडी ओढणाऱ्या होत्या.

महाराष्ट्रांत या मार्गानें गेलेलें गांव म्हणजे सातारा जिल्ह्यांतील म्हसवड. माण तालुका हा पर्जन्यछायेंतला, नेहमीं दुष्काळाचा. चेतना गाला-सिन्हा या मुंबईंत वाढलेल्या बाई विवाहानंतर येथें राहावयास आल्या. लोहारकाम करून रस्त्याच्या कडेस राहणारी एक बाई त्यांजकडे आली. पावसापूर्वीं झोंपडीवर घालावयास कापड घेतां यावें म्हणून रोज चार-पांच रुपये बँकेंत टाकावेत, एवढीच तिची इच्छा; परंतु इतकें लहान खातें उघडावयास बँक तयार होईना. तेव्हां बायकांचीच बँक काढण्याचें ठरलें. रिझर्व्ह बँकेकडे गेलेल्या अर्जावर पुष्कळशा अंगठ्याच्या निशाण्या होत्या, आणि प्रवर्तक निरक्षर आहेत या कारणास्तव तो अर्ज परत आला. बायका रडत बसल्या नाहींत. त्या कांहीं महिने अक्षरें गिरवावयास बसल्या, पुन्हां अर्ज घेऊन गेल्या, आणि म्हणाल्या कीं आम्हांस लिहितां येत नव्हतें, हिशेब मात्र येतो; कोणत्याही रकमेचें व्याज विचारा, तुमच्या साहेबांनीं यंत्रावर करावें, आम्ही तोंडानें सांगूं. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या बँकेस लौकरच असें दिसून आलें कीं, नुसतें कर्ज देऊन भागत नाहीं. म्हणून जोडीला उद्योगाचें शिक्षण सुरू झालें, आणि ज्या बायकांस गांव सोडून येतां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाळाच मोटारगाडींत बसवून गांवोगांवीं नेण्यांत आली. हें शिक्षण केवळ शिवणाचें किंवा पाकक्रियेचें नव्हे. माल कोठून घ्यावा, उधारी कितपत द्यावी, घरखर्चाची पिशवी व धंद्याची पिशवी वेगळी कां ठेवावी, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे किंमत कशी ठरवावी, हें तें शिक्षण आहे.

किंमत ठरविण्याची गोष्ट आमच्या वाचकभगिनींसही नवी वाटेल. शंभर पोळ्या करून देणारी बाई कणीक, तेल व इंधन यांचा खर्च जोडते, त्यावर थोडे पैसे ठेवते व तो नफा समजते. तीन तास उभें राहून जी पोळी लाटली, त्या तीन तासांची मजुरी तिच्या हिशेबांत कोठेंच नसते. ती मजुरी धरली तर अनेकदां असें दिसतें कीं धंदा तोट्यांत आहे. बाई आपलें अंग झिजवून तो तोटा भरून काढीत आहे. अशा धंद्यास कर्ज दिलें तर तोटाच वाढावयाचा. यासाठीं शिक्षण आधीं, कर्ज मागाहून, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

आतां या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बांगला देशांत महंमद युनूस यांनीं १९७६ सालीं जोब्रा नांवाच्या खेड्यांत लहान कर्जांचा प्रयोग केला, त्यांतून १९८३ सालीं ग्रामीण बँक निघाली, आणि २००६ सालीं दोघांस मिळून नोबेल शांतता पारितोषिक लाभलें. तेव्हांपासून लघुकर्ज म्हणजे दारिद्र्यावरचें रामबाण औषध, अशी समजूत पसरली. नफ्यासाठीं कर्ज वांटणाऱ्या कंपन्याही या क्षेत्रांत शिरल्या. आंध्र प्रदेशांत एकेका घरावर तीन-तीन, चार-चार कंपन्यांचीं कर्जें चढलीं. एकीचा हप्ता फेडण्यास दुसरीकडून कर्ज, असा प्रकार झाला. वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबर २०१० मध्यें तेथील सरकारास वटहुकूम काढावा लागला. ज्या शेजारणींची हमी आधार देते, तीच हमी अशा वेळीं दाराशीं चारचौघींत अपमान करणारी होते. मार्च २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें नियम घालून दिले: वर्षास ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास दिलेलें बिनतारणी कर्ज तें लघुकर्ज समजावें, आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत.

विद्वानांनींही या औषधाची परीक्षा केली आहे. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह हैदराबादेंतील १०४ वस्त्यांपैकीं निम्म्या वस्त्यांत कर्ज आधीं देवविलें व निम्म्यांशीं तुलना केली. त्यांचा निबंध २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांचा धंदा पूर्वींपासून होता त्यांचा तो कांहीं अंशीं वाढला. परंतु घरांतील स्त्रीच्या मताला किंमत येणें, मुलांचें शिक्षण, यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. कलकत्त्यांत झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत, ज्यांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजीं दोन महिन्यांनीं भरण्याची सवलत दिली, त्यांनीं धंद्यांत अधिक पैसा घातला व पुढें त्यांचा नफाही अधिक झाला. मात्र कर्ज थकण्याचें प्रमाणही कांहींसें वाढलें. शिवणयंत्र घेतल्यापासून पंधरा दिवसांत कोणतें गिऱ्हाईक येतें? हप्त्याची घाई असली कीं बाई यंत्र घेतच नाहीं. लगेच पैसा फिरेल असें कांहींतरी किरकोळ घेते.

तिसरें संशोधन आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारें वाटतें. स्त्रियांस दिलेल्या भांडवलानें पुरुषांच्या मानानें कमी नफा होतो, असें कांहीं अभ्यासकांस दिसलें होतें, व त्यावरून स्त्रियांस धंदा कळत नाहीं असा निष्कर्ष कोणीही सहज काढला असता. भारत, श्रीलंका व घाना येथील माहिती पुन्हां तपासून २०१९ सालीं दुसऱ्या अभ्यासकांनीं खरें कारण दाखविलें. ज्या घरांत नवऱ्याचाही धंदा असे, तेथें बाईच्या नांवाचें भांडवल नवऱ्याच्या धंद्यांत जाई. घर धरून हिशेब केला तर नफा बुडालेला नव्हता. तो दुसऱ्या वहींत जमा झाला होता. कर्ज फेडण्याची जबाबदारी मात्र बाईच्या सहीवर! म्हसवडच्या बायकांस हें संशोधन वाचावयाची गरज पडली नाहीं. पासबुक घरांत असलें कीं नवरा शिल्लक पाहतो व पैसे मागतो, असें त्यांनींच आपल्या बँकेस सांगितलें व पासबुकाऐवजीं कार्ड मागून घेतलें. आणि त्या कार्डास गुप्त अंकांऐवजीं स्वतःच्या अंगठ्याचा ठसा असावा, असेंही सुचविलें. जो अंगठा पूर्वीं निरक्षरतेची खूण म्हणून नाकारला गेला, तोच आतां तिच्या पैशाचें कुलूप झाला.

येथें आमच्या घरांची गोष्ट येते. आमच्या धर्मशास्त्रांत स्त्रीधनाची मोठी चर्चा आहे. परंतु स्त्रीनें आपल्या शिल्पानें, म्हणजे हाताच्या कसबानें, मिळविलेल्या धनावर पतीचें स्वाम्य कात्यायनानें सांगितलें आहे. माहेरचें लुगडें तिचें, आणि घाम गाळून मिळविलेला रुपया मात्र तिचा नव्हे, असा त्याचा अर्थ होतो. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या १४ व्या कलमानें हें निःसंदिग्धपणें बदललें: स्वतःच्या कौशल्यानें वा श्रमानें मिळविलेल्या मालमत्तेचीही हिंदु स्त्री पूर्ण स्वामिनी आहे. कायदा बदलून इतकीं वर्षें झालीं. घरची वहिवाट किती बदलली, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांत पाहावें. सूनबाईंच्या शिकवण्यांचे किंवा दिवाळीच्या फराळाचे पैसे 'घरांतच' येतात, म्हणजे नक्की कोणाच्या खात्यांत येतात?

एकत्र कुटुंबांत सर्वांचें सर्वांसाठीं असतें, मग हा माझें-तुझेंपणा कशाला, असें कोणी वडीलधारें म्हणतील. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि त्या भावनेचा अव्हेर करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु धंद्याचें भांडवल ही वेगळी वस्तु आहे. पेरणीचें बीं घरांत कितीही अडचण आली तरी शेतकरी दळीत नाहीं, आणि त्यांत तो कुटुंबद्रोह करतो असें कोणी म्हणत नाहीं. तसेंच हें. नफ्यांतून बाईनें घरास अवश्य द्यावें. भांडवल मात्र तिच्या वहींत, तिच्या सहीनें, राहूं द्यावें.

ज्या घरांत एखादी लेक, सून वा नणंद असा उद्योग करूं इच्छीत असेल, त्या घरांसाठीं चार व्यवहाराच्या सूचना करूं. तिचें स्वतंत्र बँकखातें असावें व त्याचें पुस्तक तिच्याच जवळ असावें. तिनें रोजचा जमाखर्च लिहावा व त्यांत स्वतःची मजुरी धरावी. भांडवल लागल्यास प्रथम अधिकृत मार्ग शोधावा: २०१५ पासून प्रधानमंत्री मुद्रा योजनेंत 'शिशु' या वर्गांत ५० हजारांपर्यंत बिनतारणी कर्ज मिळतें; खेड्यांतील स्त्रीस बचत गट आहेत, ज्यांस बँकांशीं जोडण्याचें काम नाबार्डनें १९९२ सालीं आरंभिलें; शिवाय बँकांनीं चालविलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार संस्थांत निःशुल्क शिक्षण मिळतें, ज्यांचा मूळ नमुना १९८२ सालीं कर्नाटकांत उजिरे येथें घालून दिला गेला. आणि चौथी सूचना घरांतील इतरांस: तिला दिवसाचे दोन तास अखंड द्यावेत. पैशाइतकेंच हेंही भांडवल आहे, आणि तें कोणतीच बँक देऊं शकत नाहीं.

ज्यांच्या घरीं असा उद्योग नाहीं, त्यांनाही या कामीं करण्यासारखें कांहीं आहे. आमच्या बहुतेक घरीं पोळ्या, मसाले, लोणचीं, पापड कोणीतरी बाई आणून देते. तिचें बिल आम्ही सवडीनें, पगार झाल्यावर, कधीं पुढच्या महिन्यांत देतों, आणि ती कांहीं बोलत नाहीं. त्या उशिराच्या काळांत ती वाण्याचें देणें कोठून भागवते, याचा विचार आम्ही क्वचितच करतों. खाणावळवालीस कर्जांत लोटणारी उधारी गिरणगांवाबरोबर संपली नाहीं. ती आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशीं उभी आहे. स्त्रियांच्या उद्योगास साहाय्य करण्याची ज्यांस इच्छा असेल, त्यांनीं आरंभ तेथूनच करावा, आणि आणलेल्या जिनसेचे पैसे त्याच दिवशीं तिच्या हातीं मोजावेत.